धक्क्यापुढच्या गावाचा परवाना

रत्नागिरीच्या बंदरात आगबोट धक्क्याला लागत नाही, लांब उभी राहते आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत न्यावी लागतात. १९२९ च्या पावसाळ्यानंतर बोटी सुरू झाल्या, त्या पहिल्याच आठवड्यात मी असा पडावात बसलो. आये आणि शेवंती काठावर उभ्या होत्या. आदल्या दिवशी आम्ही तिघं पूर्णगडहून पावसमार्गे चालत आलो होतो आणि वाटेत आये फारसं बोलली नव्हती. पडाव सुटताना मात्र ती गुडघाभर पाण्यात आली. मला वाटलं, आता काही सांगेल. तिने एवढंच विचारलं, "कागद घेतलास ना?"

कागद म्हणजे पासपोर्ट. तो मेणकापडात गुंडाळून सदऱ्याच्या आत बांधला होता. मी हात लावून दाखवला, तेव्हा ती मागे फिरली.

शेवंती, तू परवा पत्रात लिहिलंस की तुझ्या शाळेतल्या दोन मुलांना परदेशी शिकायला जायचंय आणि ती सारखी विचारतात, तुमचा भाऊ कसा गेला, तिथे राहू कसं दिलं. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तुझ्यासाठीही, कारण यातलं थोडं मी तुलाही सांगितलेलं नाही.

जाण्याचं ठरलं ते मुंबईला. मी तिथल्या तांत्रिक शाळेत बोटीची इंजिनं शिकत होतो. आमच्या प्राध्यापकांनी जर्मनीतल्या एका विद्यालयाशी लिहालिही केली होती. तिकडचा एक विद्यार्थी वर्षभर इकडे, इकडचा एक तिकडे, अशी अदलाबदल. माझं नाव त्यांनी का घातलं हे मी एकदा विचारलं. ते म्हणाले, तुझ्या घरात समुद्राचं कुणाला भय नाही, म्हणजे घरचे अडवणार नाहीत.

घरच्यांनी अडवलं नाहीच. अडलं ते कागदावर. पासपोर्टाच्या अर्जावर जन्मतारीख हवी होती आणि ती आमच्याकडे नव्हती. आयेला माझा जन्म आठवायचा तो ज्या वर्षी नारळाच्या झापांचं छप्पर वादळात उडालं त्या वर्षीचा. शेवटी शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने टाकलेली तारीख हीच माझी जन्मतारीख झाली. आजही मी तीच लिहितो. फोटो हवे होते, म्हणून रत्नागिरीला जाऊन आयुष्यात पहिल्यांदा फोटो काढला. बापाची सही हवी होती आणि बाबा तेव्हा कुठल्या समुद्रात होते ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग हेडमास्तर जामीन राहिले.

चौकशीला फौजदार पूर्णगडला आले. ओटीवर बसून त्यांनी आयेला विचारलं, तुमच्या घराण्यात याआधी कुणी परमुलखात गेलंय का. आये म्हणाली, सगळेच गेलेत. सासरे गेले, दीर गेले, नवरा आता पण तिकडेच आहे. फौजदार गोंधळले. एवढी माणसं विलायतेला गेली आणि कुणाकडे पासपोर्ट नाही हे कसं? तेव्हा शेजारच्या काकांनी त्यांना नळी दाखवली. खलाशांना प्रत्येक सफरीनंतर वर्तणुकीचा शेरा मारून कागद मिळतो. तो भिजू नये म्हणून पत्र्याच्या नळीत घालून ठेवतात, म्हणून त्या कागदालाच सगळे नळी म्हणतात. त्या कागदावर माणूस बोटीवर चढतो आणि त्याच बोटीवरून परत येतो. मधल्या मुलखांशी त्याचा संबंध नसतो. फौजदारांनी नळी उलटसुलट पाहिली, परत दिली आणि माझ्या अर्जावर लिहिलं की कुटुंब सालस आहे.

बाबा टंडेल होते, म्हणजे खलाशांच्या एका तुकडीचे मुकादम. तीस वर्षं मालवाहू बोटींवर काढली. लहानपणी मला वाटायचं त्यांनी सगळं जग पाहिलंय. बंदरांची नावं ते अशी घ्यायचे की जणू शेजारची पावस आणि गोळप ही गावं. पण तिथली माणसं कशी असतात, घरं कशी असतात असं विचारलं की गप्प व्हायचे. मला वाटायचं त्यांना बोलायचा कंटाळा आहे.

मुंबईत जर्मन वकिलातीत माझ्या पासपोर्टावर व्हिसाचा शिक्का बसला. तिथल्या गृहस्थांनी बजावलं की हा शिक्का फक्त आत शिरण्यापुरता आहे, राहण्याची परवानगी तिथे गेल्यावर पोलिसांकडून वेगळी घ्यायची. शेवंती, त्या मुलांना हे नीट समजावून सांग. दार उघडणं निराळं आणि घरात राहू देणं निराळं, हे मला तिकडे जाईपर्यंत कळलं नव्हतं.

एल्बे नदीच्या काठी, हँबुर्ग बंदरापासून बरंच आत, माझं विद्यालय होतं. फ्राउ हेल्मर नावाच्या बाईंच्या घरात वरची खोली मिळाली. त्यांचे यजमान नदीवर माल वाहणाऱ्या पडावांवर काम करीत आणि महिन्यातून थोडेच दिवस घरी असत. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या स्वतः मला पोलिस कचेरीत घेऊन गेल्या. तिथे राहण्याच्या परवान्याला जो शब्द आहे तो इतका लांब की उच्चारताना मध्ये श्वास घ्यावा लागतो. आउफएन्टहाल्ट्सएर्लाउब्निस. जर्मन भाषेतला हा पहिला शब्द मी पाठ केला. पाव आणि पाणी नंतर.

परदेशी माणसांच्या खिडकीवर एक वयस्कर कारकून होते. त्यांनी माझं गाव विचारलं, मी पूर्णगड सांगितलं. त्यांनी ते तीन वेळा चुकीचं लिहिलं आणि चौथ्यांदा कागद माझ्याकडे सरकवून मलाच लिहायला सांगितलं. एक वर्षाचा परवाना मिळाला. वर्ष संपलं तेव्हा तिथल्या प्राध्यापकांच्या पत्रावर आणखी एक वर्ष मिळालं, मग आणखी एक. दर खेपेला तेच कारकून, तीच खिडकी. ते मला हवापाणी विचारू लागले होते.

सुरुवातीचे दिवस कसे गेले ते पत्रांतून मी गोडच लिहिलं. खरं सांगायचं तर पहिल्या हिवाळ्यात मी रोज बोटींची वेळापत्रकं वाचायचो. मासे मिळायचे, पण मिठाच्या पाण्यात मुरवलेले, डब्यातले. रस्त्यात पोरं मागे लागून हात लावून बघायची, रंग निघतो का म्हणून. मग हळूहळू रुळलो. दुसऱ्या वर्षी स्वप्नात फ्राउ हेल्मर मराठी बोलताना दिसल्या, तेव्हा मला वाटलं की आता आपण इथे राहू शकू.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्याने मला दोन वर्षं काम शिकायला घ्यायचं ठरवलं. मी हो म्हटलं आणि घरी कळवलं नाही. आये माझी वाट बघते आहे हे तू प्रत्येक पत्रात लिहीत होतीस. उद्या लिहू, परवा लिहू असं करत मी दोन महिने काढले. आता मी विद्यार्थी राहणार नव्हतो, म्हणून परवान्याचं कारण बदलायचं होतं आणि त्यासाठी पासपोर्ट पोलिस कचेरीत ठेवून घेतला होता. तीन आठवडे लागतील असं सांगितलं होतं.

त्यातच फेब्रुवारीतल्या एका सकाळी बाबांचं कार्ड आलं. अँटवर्प बंदरातून बोटीवरच्या कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. बोट हँबुर्गला लागणार, चार दिवस उभी राहील, जमल्यास ये. खाली त्यांचा अंगठा. बाबांना मी साडेचार वर्षं पाहिलं नव्हतं. मी मुंबईत असताना ते सफरीवर असायचे आणि ते घरी येत तेव्हा माझी परीक्षा असायची.

मी पळतच पोलिस कचेरीत गेलो. कारकुनांनी कपाट उघडून पाहिलं आणि सांगितलं की पासपोर्ट वरच्या कचेरीत गेलाय. तो आणवता येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, आठवडा तरी लागेल. हँबुर्गचं बंदर जकातीच्या कुंपणाच्या आत आहे आणि आमच्यासारख्या परक्या माणसाला बोटीवर जायचं तर पासपोर्ट दाखवावाच लागतो, हे मला माहीत होतं. मी घरी आलो आणि जिन्यावर बसून राहिलो.

फ्राउ हेल्मरनी कार्ड पाहिलं, अंगठा पाहिला, मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी चुलीवरचं भांडं उतरवलं, डोक्याला रुमाल बांधला आणि मला पुन्हा कचेरीत नेलं. तिथे त्या ओरडल्या नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर ते कार्ड ठेवून म्हणाल्या, "याचा बाप नदीच्या तोंडाशी येऊन उभा आहे. मुलाला न बघता तो परत गेला तर तुमच्या कोणत्या वहीत त्याची नोंद होणार आहे?"

कारकुनांनी कार्ड उचलून अंगठा पाहिला. मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं की या गृहस्थाचा पासपोर्ट आमच्या ताब्यात आहे, हा इथला रहिवासी आहे, माणूस भला आहे. माझ्याजवळ एक जादा फोटो होता, तो चिकटवून वर शिक्का मारला. म्हणाले, याने बंदराचं दार उघडेल की नाही मला ठाऊक नाही, पण आगगाडीत तुम्हाला कुणी अडवणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हँबुर्गच्या बंदरावर होतो. झालं तसंच. दारावरच्या शिपायाने तो कागद दोनदा वाचला, मान हलवली आणि सांगितलं की याच्यावर तुम्ही सगळ्या शहरात फिरा, कुंपणाच्या आत नाही. मी बोटीचं नाव घेतलं. ती मध्ये पाण्यात नांगरून उभी होती, धक्क्यापासून लांब. शेवटी बंदरात ये-जा करणाऱ्या एका होडीवाल्याला विनवून मी चिठ्ठी पाठवली, मराठीत, बोटीच्या सारंगांच्या नावाने. सारंग म्हणजे खलाशांचा सर्वांत वरचा माणूस. ते दाभोळचे हुसेनमियां होते, बाबांच्या तोंडून मी त्यांचं नाव ऐकलं होतं. अँटवर्पला भट्टीत कोळसा टाकणारे दोन आगवाले पळून गेल्यामुळे कप्तानाने कुणालाही शहरात जायला बंदी केली होती, हे मला नंतर कळलं. हुसेनमियांनी बंदी मोडली नाही. त्यांनी फक्त भाजी आणि टपाल आणायला जाणाऱ्या होडीवर त्या दिवशी गोविंद टंडेलाला, म्हणजे बाबांना, बसवलं.

जकातीच्या कुंपणाला लोखंडी गज होते आणि गजांच्या पलीकडे धक्क्याच्या पायऱ्या. होडी लागली. बाबा पायऱ्या चढून आले. अंगात जाड निळा कोट, डोक्याला मफलर. केस पार पांढरे झाले होते. ते गजांपाशी येऊन थांबले, माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं आणि मला विचारलं, "साहेब, इंडियन पोरगा?"

मी टोपी काढली आणि म्हटलं, "बाबा, मीच."

त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. तेव्हा मला त्यांचे डोळे दिसले. दोन्ही बुबुळांवर सायीसारखं आलं होतं. कोट आणि टोपीमुळे त्यांनी मला ओळखलं नाही असं मी समजत होतो. त्यांना मी नीट दिसतच नव्हतो.

त्यांनी गजांतून हात घातला आणि माझ्या तोंडावरून फिरवला. मग म्हणाले, "बारीक झालंस." मी डोळ्यांचं विचारलं. म्हणाले, "हीच शेवटची खेप. पुढच्या वेळी डाक्टर पास करनार नाय. सारंगांनी सांभाळून आनलंय." कोटाच्या आतून त्यांनी आयेने दिलेली आंब्याची साटं, म्हणजे वाळवलेल्या रसाच्या पोळ्या, काढली. शिपाई लगेच पुढे आला, कुंपणातून माल देता येत नाही म्हणाला. मी सांगितलं, आंबा आहे. त्याला तो काळपट तुकडा चामड्यासारखा वाटला. त्याने वास घेतला, एक कोपरा तोडून तोंडात टाकला, आणि मग आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

आम्हाला तासाभराचा वेळ होता. घरचं बोलणं झालं, तुझ्या लग्नाचं झालं, नारळांचं झालं. मग बाबांनी विचारलं, कधी येणार. आता खोटं बोलणं शक्य नव्हतं. मी कारखान्याचं सांगितलं, दोन वर्षांचं सांगितलं, आयेला कळवलं नाही हेही सांगितलं. पासपोर्ट का जवळ नाही ते सांगितलं. तुम्हाला नको असेल तर परवान्याचा अर्ज मागे घेतो आणि पुढच्या बोटीने घरी येतो असंही म्हणालो. त्या क्षणी मी ते मनापासून म्हणालो होतो. ते डोळे बघून दुसरं काही सुचत नव्हतं.

बाबांनी तो कारकुनांचा कागद मागितला. डोळ्यांजवळ नेला, मग बोटांनी शिक्का चाचपला. "याच्यावर तू गावात फिरतंस?" मी हो म्हटलं. "कुटंपन?" मी म्हटलं, कुठेही.

होडीवाल्याने हाक मारली. तेव्हा कागद परत माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "नारू, मी एवढी बंदरं बगितली, पन धक्क्याच्या पुढं गाव कसा असतो ता माला ठावं नाय. घटकाभर सोडलं तरी दारूच्या गुत्त्यापर्यंत जावचं नि परत येवचं. तू ऱ्हा. नीट बग. आयेला मी सांगतो."

आणि ते पायऱ्या उतरले. उतरताना हुसेनमियांनी बरोबर दिलेल्या माणसाने त्यांचा दंड धरला होता.

महिन्याभराने तुझं पत्र आलं. बाबांनी आयेला सांगितलं, ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही, मग तिने निरोप लिहवला की थंडीत कान बांधून ठेव. तोपर्यंत माझा परवाना आला होता. तो बघून मला आनंद झाला नाही एवढं खरं.

कारखान्यातलं काम चांगलं चाललं होतं. पण त्याच तेहतीस सालच्या सुरुवातीला तिथे सरकार बदललं होतं आणि त्यानंतर रस्त्यावरची हवाही बदलली. पुढच्या वर्षी परवाना वाढवायला गेलो तेव्हा खिडकीवर नवा, तरुण माणूस होता. त्याने माझं तोंडही नीट पाहिलं नाही, चौदा दिवसांत देश सोडण्याचा शिक्का मारून पासपोर्ट परत सरकवला. जुने कारकून मला एकदा ट्राममध्ये भेटले. उतरताना त्यांनी टोपी काढली आणि ती हातात धरून फुटपाथवर ट्राम जाईपर्यंत उभे राहिले. फ्राउ हेल्मर स्टेशनवर आल्या होत्या. पाच वर्षांत त्यांनी मला कधी जवळ घेतलं नव्हतं, त्या दिवशी घेतलं.

मी इंग्लंडच्या उत्तरेला बोटी बांधणाऱ्या या शहरात आलो. इथे मला परवाना लागत नाही, कारण आम्ही याच राजाची प्रजा. त्याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, हे अजून ठरवता आलेलं नाही. इथे बोटींचे नकाशे काढण्याचं काम मिळालं.

छत्तीस साली तीन महिने घरी आलो ते तू पाहिलंसच. बाबांना तेव्हा उजेड-अंधार एवढंच कळायचं. तुला वाटलं असेल की आम्ही दोघं रोज सकाळी किल्ल्याखाली जाऊन काय बोलत बसतो. सांगतो. ते मला विचारायचे, धक्क्यावरून बाहेर पडलं की उजव्या हाताला काय? मी सांगायचो, आधी ट्रामचे रूळ, मग पाववाल्याचं दुकान, त्याच्या काचेत लाकडाचा कोंबडा. पुढे? पुढे पूल. पुलावर काय? एक म्हातारी फुलं विकते. रोज एक रस्ता. विसरलो तिथे मी खोटं घातलं नाही, आठवत नाही म्हणून सांगितलं, आणि ते दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. निघायच्या आधी एका संध्याकाळी मी ओटीवर आलो तेव्हा बाबा शेजारच्या काकांना हँबुर्ग सांगत होते. कुठे वळायचं, कुठे चढ आहे, सगळं बरोबर. काकांनी विचारलं, तू कधी गेलास तिथे? बाबा हसले आणि बोलत राहिले.

गेल्या श्रावणात ते गेले. तुझं पत्र माझ्या हाती आलं तेव्हा त्यांचे दिवस होऊन गेले होते. मी अशौच कसं पाळावं हे मला इथे कुणाला विचारता आलं नाही. त्या रविवारी सकाळी खोलीत बसवेना म्हणून मी बंदरावर गेलो.

तिथे मुंबईहून आलेली एक बोट उभी होती आणि धक्क्यावर आपल्याकडचे पाच-सहा खलाशी दोऱ्यांच्या ढिगावर बसले होते. जयगडचे दोघे, एक जैतापूरचा, बाकी दापोलीकडचे. सुट्टी होती, पण जाणार कुठे, म्हणून बसले होते. मी बोटीच्या मेटसाहेबाकडे, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याकडे गेलो, माझं नाव-पत्ता लिहून दिलं आणि संध्याकाळपर्यंत परत आणून सोडीन अशी सही केली. त्यांना घेऊन शहरात फिरलो. मग माझ्या खोलीवर आणलं, भात शिजवला. बोटीच्या भंडाऱ्याने, म्हणजे स्वयंपाक्याने, सुकी कोळंबी दिली होती. घरमालकीण वासाने वर आली, दारात उभी राहिली, आणि थोड्या वेळाने आणखी एक खुर्ची घेऊन आली.

तेव्हापासून आपल्याकडची बोट लागली की रविवार असाच जातो. तू विचारतेस, दादा, तू कायमचा परत कधी येणार, तुझं घर आता कुठलं समजायचं. मी याला उत्तर देऊ शकत नाही म्हणून चिडतेस. आयेचं वय झालंय हे मला कळतं. पुढच्या वर्षी रजा मागितली आहे, तिला तसं सांग. पण तू शाळेतल्या मुलांना हे सांगू नकोस की परदेशी गेलेला माणूस घर हरवून बसतो. तसं नाही. घर फक्त एका जागी राहत नाही.

गेल्या रविवारचं सांगतो. जैतापूरचे विठूकाका म्हणून एक वयस्कर खलाशी आहेत, या शहरात दुसऱ्यांदा आलेत. आम्ही बंदराच्या दारातून बाहेर पडत होतो. दारावरचा पोलिस नवा होता. त्याने त्यांना अडवून विचारलं, कुठे जाणार. विठूकाकांना इंग्रजी येत नाही, पण प्रश्न त्यांना समजला असावा. त्यांनी माझ्या खोलीच्या दिशेने हात केला आणि अगदी सरळ मराठीत सांगितलं, "घरी."

पोलिसाने माझ्याकडे बघितलं. मी त्याला तेच इंग्रजीत सांगितलं, आणि त्याने आम्हाला सोडलं.